आंग्रे, कान्होजी

(मृ. ४ जुलै १७२९). मराठी आरमाराचा सरखेल आणि कुलाब्याच्या आंग्रे घराण्याचा संस्थापक. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या सेवेत होते. सरखेल सिधोजी गुजर याच्या मृत्यूनंतर (सु. १६९८) आरमाराची सूत्रे कान्होजीकडे आली.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहूची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली आणि ताराबाई व शाहू या दोन पक्षांत गादीसाठी यादवी उद्‌भवली. खेडच्या लढाईत (१७०७) सेनापती धनाजी जाधव शाहूस मिळाला. कान्होजी मात्र ताराबाईच्या पक्षात राहिला. घाटाखालील किल्ले व आरमार त्याच्या हाती असल्यामुळे शाहूला कोकणात पाय रोवता येईना. १७१३ मध्ये शाहूने पेशवा बहिरोपंत पिंगळे यास त्याच्यावर पाठविले. कान्होजीने पेशव्यासच कैद केले, लोहगड व राजमाची घेतले आणि साताऱ्यालाही धोका निर्माण केला.

तेव्हा पेशवेपदी नेमलेल्या बाळाजी विश्वनाथाने युद्धाऐवजी वाटाघाटींचा मार्ग धरला. तो मूळचा श्रीवर्धनचा असून कान्होजीच्या परिचयातील होता. सिद्दी, पोर्तुगीज व इंग्रज अशा तीन शत्रूंशी झुंजणाऱ्या आरमारास घाटमाथ्यावरील सत्तेशी कायमचे वैर परवडणारे नव्हते. १७१४ च्या तहान्वये कान्होजीने कोल्हापूर पक्ष सोडला, बहिरोपंतास मुक्त केले व राजमाचीखेरीज जिंकलेली ठाणी परत केली. त्यास दहा किल्ले, सोळा लहान ठाणी व सरखेलपद मिळाले.

या तहाचा लाभ लवकरच दिसून आला. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांनी कुलाब्यावर संयुक्त स्वारी केली, तेव्हा शाहूने पाठविलेली फौज मदतीस आली व स्वारी फसली. तथापि आरमार या तहामुळे राज्याच्या प्रत्यक्ष नियंत्रणाखालील खाते न राहता एका घराण्याची वंशपरंपरागत दौलत बनले. कान्होजीनंतर त्याच्या मुलांत कलह माजला. १७३५ मध्ये दौलतीची कुलाबा व विजयदुर्ग अशी विभागणी झाली. पुढे १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेऊन कान्होजीचा मुलगा तुळाजी याचा पराभव केला. त्या वेळी विजयदुर्गच्या बंदरात जळालेली गलबते मराठ्यांचीच होती. यादवी मिटविणाऱ्या तहातच आरमाराच्या पुढील दुभंगाचे बीज होते.