ऑपरेशन आणि रक्तातली साखर

"सिस्टर, आईनं रात्रीपासून अन्नाचा कण घेतला नाही. मग साखर वाढली कशी?"

दवाखान्यात पुष्कळ जण असं विचारतात. विचारणं बरोबरच आहे. ऑपरेशनसाठी पोट रिकामं ठेवतात. तरी साखर वाढते. ती येते कुठून?

ती आपल्याच शरीरातून येते.

आपण भाकरी खातो, भात खातो. त्याची पोटात साखर होते आणि रक्तात उतरते. जास्तीची साखर यकृत साठवून ठेवतं. यकृत म्हणजे जणू शरीराचं पेव. अडीअडचणीला ते उघडतं.

रक्तातली साखर शरीरभर पोचवायला इन्सुलिन लागतं. इन्सुलिन हा स्वादुपिंडातला रस. तो पंगतीतल्या वाढप्यासारखा आहे. वाढपी नसेल तर अन्न असून लोक उपाशी!

आता ऑपरेशनचं पाहू. ते रोग बरा करण्यासाठी असतं. पण शरीराच्या लेखी ती जखमच. भूल दिलेली असते, म्हणून आपल्याला दुखत नाही. शरीराला मात्र संकट कळतं. मग अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल असे रस रक्तात वाढतात. ते पेव उघडायला लावतात. साखर बाहेर येते. त्याच वेळी इन्सुलिन कमी पाझरतं. जे असतं, त्याचाही जोर चालत नाही. वाढप्याचा हात आखडतो आणि साखर रक्तातच साचते.

मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर अशी वाढू शकते. मधुमेह असला तर जास्त चढते. फार चढली की जखम लवकर भरत नाही. जखमेत पू होण्याची भीती असते. म्हणून बोट टोचून वरचेवर साखर पाहतात. पुष्कळ ठिकाणी ती १४० ते १८० च्या दरम्यान ठेवायला बघतात. गरज पडली तर इन्सुलिनची सुई देतात.

"एकदा सुई लागली की जन्माची लागली," असं लोक म्हणतात. त्या भीतीनं काही जण सुई नाकारतात. पण तसं नाही. ऑपरेशनपुरती दिलेली सुई पुष्कळदा नंतर बंद होते. ज्यांना आधीपासून लागते, त्यांची चालू राहते. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

साखर ७० च्या खाली जाणंही वाईट. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही जाते. उपाशीपोटी रोजची गोळी घेतली, तर असं होऊ शकतं.

तेव्हा मधुमेह लपवू नका. गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. कोणती घ्यायची, कोणती थांबवायची, हे आधीच विचारून घ्या. आपल्या मनानं काही करू नका.