बरा झाला, पुढे काय?

कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वयस्क माणूस उभा राहतो. पण हा रोग पंधराव्या वर्षीही गाठतो आणि पंचविसाव्याही. हाडाचा एक कर्करोग तर ऐन वाढीच्या वयातच, बहुधा गुडघ्याजवळ, डोके वर काढतो. पूर्वी त्यात पाय कापावा लागे. आता पुष्कळदा रोगट हाड काढून धातूचा सांधा बसवितात. पाय वाचतो, पण तो चालता होण्यास पुढे कित्येक महिने व्यायाम करावा लागतो. येथून पुनर्वसनाला प्रारंभ होतो.

औषधांनी येणारा थकवा नुसत्या विश्रांतीने जात नाही. रोज थोडे थोडे चालणे वाढविल्याने तो कमी होतो. काही औषधांचा हृदयावरील परिणाम वर्षांनंतर दिसतो, म्हणून तपासणी सोडता कामा नये. संततीचा प्रश्न उपचारापूर्वीच डॉक्टरांना विचारावा. लाजेपायी तो राहून जातो. परळच्या टाटा रुग्णालयाने उपचार संपलेल्या बालरुग्णांसाठी १९९१ साली स्वतंत्र दवाखाना काढला. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने २००९ साली बालपणीच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्यांचीच ‘उगम’ ही संघटना उभी राहिली.

भाईंदरहून परळ लोकलने गाठता येते. खरी अडचण कामाच्या ठिकाणी आहे. कामगार राज्य विमा योजनेत साधा आजारलाभ वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात तो ८० टक्के होऊन दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. परंतु त्यासाठी आधी सलग दोन वर्षे नोकरी झालेली असावी लागते. आता सांगा, भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यात वर्षापूर्वी लागलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराने ही दोन वर्षे कोठून आणावीत? अंगरखा बापाच्या मापाने बेतला आणि घालावयास दिला मुलाला, असा हा प्रकार आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, पंचविशीच्या आतील कामगारास ही अट शिथिल करावी. मालकाने परतलेल्या मुलाला आरंभी अर्धा दिवस, बसून करावयाचे काम द्यावे. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये. शेजाऱ्यांनी हा रोग संसर्गाने पसरत नाही, हे ध्यानी ठेवावे. डॉक्टरांनी जीव वाचविला. त्या जिवाला पुन्हा हजेरीपटावर घेणे आपल्या हातात आहे. ती दया नव्हे, त्याचा हक्क आहे.