व्होलचे कूळ, व्होलचे मूळ

आखूड शेपूट, बोथट नाकाड, केसांत जवळजवळ बुडालेले कान आणि जेमतेम वीस ते चाळीस ग्रॅम वजन: युरोपच्या शेतातला साधा व्होल हा उंदरासारखा छोटा प्राणी दिसतो तो असा. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. या प्राण्याचे विचारणाऱ्यांची मात्र अडीचशे वर्षे दमछाक झाली आहे.

सुरुवातच गोंधळाने झाली. १७५८ मध्ये लिनियसने पाणव्होलला घरच्या उंदराच्या ‘मुस’ प्रजातीत बसवले, तेही दोनदा: एकदा पाण्यातला म्हणून, एकदा जमिनीतला म्हणून. पुढे दोन्ही एकच ठरले.

मग दाढांचा जमाना आला. व्होलची दाढ वरून भिंगातून पाहिली की एकाआड एक बसलेले त्रिकोण दिसतात. कडेला टणक दंतवल्क, आत मऊ दंतिन. साध्या व्होलच्या दाढांना मुळे येतच नाहीत. गवत चावून त्या झिजतात आणि खालून जन्मभर वाढत राहतात. अमेरिकेच्या गेरिट मिलर यांनी १८९६ मध्ये आणि ब्रिटिश म्युझियमच्या मार्टिन हिंटन यांनी १९२६ मध्ये घराणी लावताना या त्रिकोणांवर मोठी भिस्त ठेवली. हिंटन यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला; दुसरा कधी आलाच नाही.

दरम्यान चार्ल्स एल्टन नावाच्या तरुणाला वेगळाच प्रश्न पडला होता. आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गेन बेटाच्या मोहिमेवरून परतताना, १९२३ मध्ये, त्याने नॉर्वेतल्या ट्रॉम्स्योच्या दुकानात तिथल्या सस्तन प्राण्यांवरचे एक पुस्तक घेतले. त्यात व्होलचे भाऊबंद असलेल्या लेमिंगांच्या ‘वर्षां’ची नोंद होती: दर तीन-चार वर्षांनी झुंडी उसळतात आणि मग ओसरतात. व्होलचेही तेच. तीन आठवड्यांचा गर्भकाळ, विताच पुन्हा गाभण राहण्याची क्षमता आणि महिन्याभराच्या आत वयात येणारी मादी, मग दुसरे काय होणार! एल्टनच्या १९२४ च्या लेखापासून या चढउतारांचा शास्त्रीय अभ्यास मार्गी लागला. त्यांचे कारण अमुकच, असे आजही एकमताने सांगता येत नाही.

दाढांचा खरा पराभव गुणसूत्रांनी केला. १९६०च्या दशकाअखेर सोव्हिएत संशोधकांना आढळले की एकाच ‘साध्या व्होल’मध्ये दोन जाती दडल्या आहेत, एकीची गुणसूत्रे ४६, दुसरीची ५४. बाहेरून दोघी सारख्याच. हाच घोळ एल्टन जिथे गेला होता त्या स्पिट्सबर्गेनवरही झाला. तिथे मुळात एकही कृंतक (कुरतडणारा प्राणी) नव्हता. तिथे व्होल पोचले ते बहुधा रशियन खाणवस्त्यांसाठी आणलेल्या वैरणीतून. त्यांनाही साधे व्होलच समजत होते. १९९० मध्ये ती ५४ गुणसूत्रांची जात निघाली.

कुळाचे त्रांगडे त्याहून लांबले. सस्तन प्राण्यांच्या १९९३ च्या जागतिक सूचीत व्होल उंदरांच्याच म्यूरिडी कुळात होते. २००५ च्या आवृत्तीत ते हॅमस्टरांसोबत क्रिसेटिडीत गेले. या बदलामागे मुख्यतः डीएनएचा पुरावा होता.

महाराष्ट्राच्या शेतातले उंदीर आणि घुशी म्यूरिडीतच राहिल्या. दख्खनमध्ये व्होल नाही. भारतात तो हिमालयात भेटतो. त्यांपैकी काश्मीरचा हायपरॅक्रियस हा व्होल १८९४ पासून शास्त्राला माहीत आहे. दाढांवरून तो पहाडी व्होलांचा जवळचा नातलग मानला जाई. संग्रहालयातल्या नमुन्याच्या डीएनएने अलीकडे त्याला त्या गोतावळ्यातून काढून स्वतंत्र शाखेवर नेले.