मालवणला जाताय? आधी सिंधुदुर्ग किल्ला!

मंडळी, मित्रांसोबत मालवणला गेलात की वॉटर स्पोर्ट्सआधी किल्ला बघून घ्या. बंदरावरून होडी मिळते. पावसाळ्यात मात्र होड्या बंद असतात.

📌 शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं.

📌 महादरवाजा तटाच्या वळणात असा दडवलाय की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही!

📌 दरवाज्याजवळच्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. ते महाराजांचेच मानले जातात.

📌 राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिर. इथल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही.

📌 चहूबाजूंनी खारा समुद्र, तरी दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं!

परतल्यावर कोंबडी-वडे आणि सोलकढी हवीच. किल्ल्यावर कचरा मात्र टाकू नका. हा ठेवा आपला आहे, आपणच जपायचा!