दूध कशात तापवता? : यकृततज्ज्ञाचा एक प्रश्न

सदरच्या या सभागृहात मागच्या वेळी आपण ‘कारण म्हणजे काय’ यावर बोललो. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "सर, रुग्ण तपासायचे की संशोधन करायचं? एका माणसाला एका आयुष्यात दोन्ही जमतं का?" त्या दिवशी वेळ संपली होती. आजचं व्याख्यान हे त्यांना उशिरा दिलेलं उत्तर समजा.

उत्तर आम्ही पुण्यातून घेणार आहोत. रास्ता पेठेतलं के. ई. एम. रुग्णालय, तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, आणि त्यांच्याबरोबर काम करणारे इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर. टॅनर हे मुलांच्या यकृताचे तज्ज्ञ. आधी लेस्टरला होते, पुढे शेफील्डला प्राध्यापक झाले. या मंडळींची कारकीर्द एका आजाराभोवती गुंफली गेली. त्या आजाराचं नाव ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’. आपल्या देशाचं नाव लागलेला आजार, आणि तो लहान लेकरांचा.

आधी आजार समजून घेऊ. 1887 साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी त्याचं वर्णन केलं. साधारण सहा महिने ते पाच वर्षं या वयातलं मूल. आधी नुसती किरकिर, भूक मंद, पोट फुगलेलं. पोटाला हात लावला तर यकृत दगडासारखं टणक आणि त्याची कडा पानासारखी धारदार लागायची. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात दोन-दोन भावंडं जायची. कितीतरी दशकं डॉक्टरांच्या हातात घरच्यांना धीर देण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

एका घरात दोन मुलं गेली की आपण काय म्हणतो? ‘रक्तातच असेल.’ वैद्यकालाही बराच काळ तसंच वाटत होतं. आता इथं आमच्या विषयाची थोडी मदत घेऊ. न्यायदर्शनात एक सुंदर उदाहरण आहे. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे बरोबर. पण उलटं, ‘जिथे अग्नी तिथे धूर’, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला सरपण ओलं लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. आजचे संशोधक तिच्यासाठी वेगळा शब्द वापरतील, पण चूक तीच पकडायची असते.

आता हे भावंडांना लावून बघा. भावंडांचं रक्त एक असतं, हे खरं. पण त्यांचं स्वयंपाकघरही एकच असतं! चूल एक, दूध एक, पातेलंही एक. मग दोष रक्तातला की पातेल्यातला, हे नुसतं घराणं बघून कसं ठरणार?

पातेल्याकडे लक्ष गेलं ते सूक्ष्मदर्शकामुळे. 1970 च्या दशकाच्या अखेरीला या मुलांच्या यकृताचे तुकडे विशिष्ट रंग लावून तपासले गेले, तेव्हा पेशींत तांबं साठलेलं दिसलं. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबं साधारण 50 मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांत ते कित्येक पटींनी जास्त, शेकडो मायक्रोग्रॅम भरायचं. हे आलं कुठून?

तुमच्यापैकी पांढऱ्या केसांच्या मंडळींना घरची पितळी पातेली आठवत असतील. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्या बायकांना रसायनशास्त्र न शिकताही एक गोष्ट पक्की ठाऊक होती : कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. म्हणून कल्हईवाला दारात यायचा, भाता लावायचा, नवसागर फिरवून कथलाचा चकचकीत थर द्यायचा. पण आंबट पदार्थ कळकतो, तो चवीला कळतो. दूध? दुधाची चव तशी चुगली करत नाही. आणि बिनकल्हईच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं दूध तांबं चांगलंच ओढून घेतं. दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाला ते चिकटतं. तान्ह्या बाळाचं यकृत अजून कोवळं असतं. पित्तावाटे जादा तांबं बाहेर टाकण्याची त्याची ताकद कमी, त्यामुळे ते साठत जातं.

टॅनर, भावे, पंडित आणि सहकाऱ्यांचा निबंध 1983 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळाला फार लवकर सुरू केलेलं, तांबं उतरलेलं वरचं दूध हे या आजाराचं कारण असू शकेल, असं त्यांनी मांडलं. पुढे 1987 मध्ये त्यांनी आजारी मुलं आणि त्यांच्या जोडीला निवडलेली निरोगी मुलं यांच्या आहाराचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला. नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक म्हणतील : कारण असेल तिथे कार्य असतं का, आणि नसेल तिथे नसतं का.

आता आमच्या डॉक्टर मित्रांनी इथं जरा थांबावं. या संशोधनाचं मुख्य हत्यार कुठलं होतं? आईला विचारलेला प्रश्न. बाळाला अंगावरचं दूध किती दिवस दिलं? वरचं कधी सुरू केलं? दूध कशात तापवता? हेच प्रश्न रुग्णसेवेचेही आहेत. दवाखान्यात ते एका मुलासाठी विचारले जातात. तेच प्रश्न त्याच शिस्तीनं पुन्हा पुन्हा विचारून उत्तरं नीट मांडून ठेवली की संशोधन होतं. खाट तीच, आई तीच.

उपचाराचंही तसंच. पेनिसिलामिन हे औषध शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढतं. जॉन वॉल्श यांनी ते 1956 मध्ये विल्सन्स डिसीज या तांबं साठण्याच्या दुसऱ्या आजारासाठी आणलं होतं. पुण्यात ते या मुलांना दिलं गेलं. आजार फार पुढे गेला असेल तर उपयोग कमी, पण लवकर सुरू केलं तर काही मुलं वाचली, आणि पुढे बरीच वर्षं नीट राहिली. अशा मुलांचा दीर्घ पाठपुरावा 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आजारात वाचणं जवळपास ऐकिवात नव्हतं, त्यातली ही मुलं.

मग सगळं सिद्ध झालं का? घाई नको. बिनकल्हईच्या भांड्यातलं दूध पिणारी असंख्य मुलं आजारी पडली नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या तीन गावांच्या पाण्यात तांबं बरंच होतं, तरी तिथे मुलांचे असे मृत्यू आढळले नाहीत. म्हणजे तांब्याबरोबर आणखी काहीतरी लागत असणार, बहुधा जन्मजात नाजूकपणा. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातली हकिगत याला पुष्टी देते. तिथे 1900 ते 1974 या काळात 138 लहान मुलं अशाच आजारानं गेली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यातलं, आणि आजार ठरावीक घराण्यांत. भांडी बदलली आणि आजार गेला. घराणी तर तिथेच होती! रक्तातला वाटा खरा मानला तरी हाताला लागणारा वाटा पातेल्याचा होता.

आपल्याकडेही हा आजार आता दुर्मिळ झाला. त्याचं श्रेय फक्त डॉक्टरांचं म्हणता येणार नाही. स्टील आणि अॅल्युमिनियम घरोघरी आलं, तेही हलकं, स्वस्त आणि बिनकल्हईचं म्हणून. पण कारण ठाऊक नसतं, तर आजार का गेला हेही कळलं नसतं, आणि उद्या तो परतला तर दार कुठलं लावायचं हेही नाही.

शेवटी सर्वांत अवघड गोष्ट. कल्पना करा, समोर आई बसली आहे. एक मूल गेलं, दुसरं कडेवर आहे. तिला सांगायचं की दूध तुमच्या पातेल्यानं बिघडवलं. ती काय ऐकेल? ‘मीच मारलं.’ इथं कारण आणि दोष यांतला फरक तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता राहत नाही. दोष द्यायचा तर माणसाला आधी ठाऊक असायला हवं. तिनं सासूनं दिलेल्या, घासून लख्ख केलेल्या भांड्यात मायेनं दूध तापवलं. कारण तिच्या हातून घडलं, दोष तिचा नाही. हे तिला समजेल अशा शब्दांत सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. पण तेवढ्यासाठी कारण लपवताही येत नाही, कारण कडेवरचं मूल अजून वाचायचं आहे. म्हणून ‘काय चुकलं?’ असं न विचारता ‘दूध कशात तापवता?’ असं विचारणारा डॉक्टर आम्हाला मोठा वाटतो.

इथून भंडारा दूर नाही. पितळेच्या भांड्यांसाठी ते नावाजलेलं गाव. आज तांब्या-पितळेची हौस पुन्हा आली आहे. भांडी जरूर घ्या, कारागिरांना काम मिळू दे. फक्त बाळाचं दूध बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत तापवू नका, ठेवू नका.

आणि तरुण डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : दोन कामं आहेत असं समजू नका. एका आईला विचारलेला प्रश्न शंभर आयांना त्याच आस्थेनं विचारा, आणि उत्तरं लिहून ठेवा. त्या मंडळींच्या यशाची खूण विचाराल, तर आजच्या कितीतरी तरुण बालरोगतज्ज्ञांनी हा आजार फक्त पुस्तकात पाहिला आहे.