नवे नाव, जुनी वाट
१९५६ साली बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्राचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. नाव पालटले, चळवळीशी नाते तेच राहिले. अल अमेरातमध्ये छोटा व्यवसाय थाटलेल्या आपल्या बांधवांनी संकेतस्थळाला सुटसुटीत डोमेन नाव देताना हेच सूत्र ध्यानी ठेवावे. नवे नाव ऐकताच बिनचूक लिहिता यावे. जुन्या संकेतस्थळाचे प्रत्येक पान ‘३०१’ या कायमस्वरूपी पुनर्निर्देशाने त्याच विषयाच्या नव्या पानाशी जोडावे; ही जोडणी किमान १ वर्ष ठेवावी, असे गूगल सुचवते. जुन्या नावाचे वार्षिक शुल्क मात्र पुढेही भरत राहावे. ते नाव सुटले, तर कोणीही विकत घेऊ शकतो आणि जुन्या पत्त्यावर येणारी ग्राहकांची ईमेल परक्याच्या हाती पडू शकते. परमुलखात कष्टाने मिळवलेला विश्वास असा गमावू नये. जय भीम!