सरावासाठी बेस अ‍ॅम्प्लिफायर किती मोठा असावा?

आपल्या शाळेच्या भीमगीत पथकात बेस गिटार आली, तेव्हा आम्हा सर्वांना आनंद झाला. मात्र थोड्याच दिवसांत एक अडचण लक्षात आली. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि की-बोर्ड यांच्या आवाजात बेस वाजविणाऱ्या मुलाला स्वतःचाच स्वर ऐकू येईना. तो तार अधिक जोराने छेडू लागला, इतरांनी आपापले आवाज वाढविले आणि गाणाऱ्या मुलामुलींचे गळे बसू लागले. मुलगा कच्चा नव्हता; त्याच्या पाठीशी असलेला 15 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर अपुरा होता. नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन देण्याविषयी माजी विद्यार्थी आणि पालक आपुलकीने विचारतात. त्यांच्यासाठी, तसेच गावोगावी गायनपथके चालविणाऱ्या समाजबांधवांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

जवळच्याच मिरजेत सतार आणि तंबोरा घडविणारे कारागीर भोपळ्याच्या निवडीला फार महत्त्व देतात. नुसत्या तारेचा आवाज क्षीण असतो. भोपळा आणि तबली यांमुळे तो भरदार होतो. बेस गिटारचे अंग भरीव लाकडाचे असल्याने तिला असा भोपळा नसतो. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर हाच तिचा भोपळा. तिच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा, म्हणजे साध्या गिटारच्या खर्जाच्याही एक सप्तक खाली असतो. इतक्या खालच्या स्वरासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. शिवाय माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत काहीसा मंद असतो. म्हणूनच साध्या गिटारला पुरणारा अ‍ॅम्प्लिफायर बेसला पुरत नाही.

येथे वॅटचा हिशेब नीट समजून घ्यावा. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण 10 डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट वॅट लागतात. 15 ऐवजी 30 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर पैसे खर्च होतील, पण फरक जेमतेमच जाणवेल. स्पीकरची संवेदनशीलताही तितकीच महत्त्वाची आहे. ती 3 डेसिबलने अधिक असेल, तर तोच आवाज निम्म्या वॅटमध्ये मिळतो.

आमच्या अनुभवाप्रमाणे एकट्याने घरी सराव करण्यास 15 ते 30 वॅट पुरेसे होतात. ढोलकी, की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड यांच्या सोबतीला सुमारे 100 वॅट आणि 12 इंची स्पीकर हवा. खराखुरा ड्रमसेट असेल, तर 200 वॅट किंवा अधिक आणि 15 इंची स्पीकर पाहावा. ही ताकद सतत वापरण्यासाठी नसते, हातची राखण्यासाठी असते. लहान अ‍ॅम्प्लिफायर शेवटच्या टोकापर्यंत फिरविला की स्वर फाटतो आणि स्पीकर जळण्याचा धोका निर्माण होतो.

खरेदी करताना खोक्यावरील मोठ्या आकड्याला भुलू नये. ‘पी.एम.पी.ओ.’ म्हणून छापलेले हजारो वॅट फसवे असतात, ‘आर.एम.एस.’ वॅट विचारावेत. दुकानातील शांत खोलीत कोणताही अ‍ॅम्प्लिफायर मोठाच वाटतो, म्हणून शक्य असल्यास ढोलकी सोबत नेऊन पारख करावी. सरावाच्या खोलीतही जागा बदलून पाहावी. 41 कंपनांच्या स्वराची लहर सुमारे 27 फूट लांब असते. त्यामुळे लहान खोलीत खर्ज कोपऱ्यात फुगतो आणि काही ठिकाणी हरवतो. अ‍ॅम्प्लिफायर स्टुलावर ठेवून थोडा वर कलता केला, तर वाजविणाऱ्याच्या कानापर्यंत स्वर स्पष्ट पोहोचतो आणि आवाज वाढविण्याची गरज कमी होते.

मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेणे म्हणजे मोठ्याने वाजविणे नव्हे. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही कानाच्या सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते आणि पुढे प्रत्येक 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 94 डेसिबलला एकच तास उरतो. मिरवणुकीतील ‘डॉल्बी’ने छातीत धडधड होते, हे आपण सर्व जाणतो. निवासी शाळेत तर शेजारच्या खोलीत कोणी अभ्यास करीत असते, कोणी झोपलेले असते. त्यामुळे सरावाची वेळ ठरलेली असावी आणि ती रात्री नसावी.

1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलशांतून बाबासाहेबांचा विचार गावोगावी नेला. आपल्याच वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनीही कलापथकातून श्रमिकांचे दुःख गायिले. त्या गाण्यांचे बळ शब्दांत होते. बेसने त्या शब्दांना जमीन द्यावी, त्यांना गाडू नये. अंगुत्तर निकायात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. तो पूर्वी उत्तम वीणा वाजवीत असे. तार फार ताणलेली किंवा फार सैल असेल तर वीणा नीट वाजत नाही, हे त्याच्याच अनुभवातून तथागतांनी त्याला समजावून दिले. अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी फिरवितानाही हेच ध्यानी ठेवावे. बेस वाजविणाऱ्याला स्वतःचा स्वर ऐकू यावा आणि मागच्या भिंतीशी बसलेल्या मुलाला गाण्याचा प्रत्येक शब्द कळावा. दोन्ही साधले की आवाज पुरेसा झाला असे समजावे.